साळवी बाईंनी दार उघडं ठेवलं

श्रीमती मार्था प्रभाकर साळवी यांना मी प्रथम ऐकलं आणि मग पाहिलं. खेडहून रत्नागिरीच्या शाळेत मी नव्यानं रुजू झाले होते. शेजारच्या वर्गात कुणीतरी मुलांकडून चक्क विभक्तीचे प्रत्यय चालीवर गाऊन घेत होतं! तास संपला आणि बाई बाहेर आल्या.

"खेडच्या ना तुम्ही? मग मासे खात असालच. रविवारी जेवायला या. पण मी देवळातनं आल्यावर हां."

"कुठल्या देवळातनं?"

"ख्रिस्ताच्या!" म्हणत बाई इतक्या मोकळेपणानं हसल्या की आमची मैत्री तिथंच जुळली. ती आजवर टिकली आहे, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा आनंद माझ्या पोटात मावत नाही.

बाईंची श्रद्धा कधी कुणाच्या अंगावर आली नाही. मी टायफॉइडनं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्या रोज शाळा सुटल्यावर पेज घेऊन येत. उठताना विचारत, "तुमची हरकत नसेल तर प्रार्थना करू?" माझ्या सासूबाई देवासमोर निरांजन लावत असायच्या. त्या म्हणायच्या, "करा हो बाई. इथं लावते मी, तिथं बोला तुम्ही."

बाईंच्या त्या छोट्या देवळात पूर्वी बरीच कुटुंबं यायची. मग कुणी मुंबईला गेलं, कुणी पुण्याला. उपासना चालवणारे पाळक बाहेरगावाहून महिन्यातून एकदा येऊ लागले. उरलेल्या रविवारी बाई बायबलमधलं वचन वाचत आणि त्यांचे यजमान प्रभाकरराव पेटी वाजवत. प्रभाकरराव गेल्यावर बाई पेटीशिवाय गाऊ लागल्या.

आणि मग अमित गेला. बाईंचा एकुलता एक मुलगा. पोफळीच्या वीजकेंद्रात नोकरीला होता, घाटात गाडीला अपघात झाला. पुढच्या रविवारी बाईंना एकटं सोडवेना, म्हणून मी सोबत गेले. बाईंनी देवळाचं दार उघडलं, पहिल्या बाकावर बसल्या. पुस्तक उघडलं नाही, ओठ हलवले नाहीत. मग समोरच्या क्रुसाकडे बघत म्हणाल्या, "आज मला त्याच्याशी बोलायचं नाही. पण बोलणं टाकलं म्हणून बापाचं घर कुणी टाकतं का?"

असे कितीतरी रविवार गेले. बाई यायच्या, गप्प बसायच्या, दार लोटून घरी जायच्या. मला त्यांची काळजी वाटू लागली होती.

एका रविवारी दारात बंदरावरची एक कोळीण उभी राहिली. तिची मुलगी बाईंच्या वर्गात होती. नवरा होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. ती उंबऱ्यावरच बसली. "बाई, आमचा देव गप, तुमचा पन गप. आता जायाचा कुठं?"

बाई उठल्या, तिच्याजवळ खाली बसल्या. "तो गप आहे हे खरं. मी पण त्याच्याशी गप आहे. पण उठून गेलेलं नाही कुणी. तो नाही, मी नाही." मग तिचा हात हातात घेऊन बाई गाऊ लागल्या. आवाज फाटत होता, सूर सुटत होता, तरी त्यांनी भजन पुरं केलं. मी आणि ती कोळीण, दोघीही रडत होतो. बाई मात्र पहिल्यांदाच सावरलेल्या दिसल्या.

पुढे देवळाचा कारभार पाहणारे मंडळीचे पंच बाहेरगावाहून आले. म्हणाले, "बाई, एका माणसासाठी देऊळ कशाला चालवायचं? कुलूप लावू."

बाई शांतपणे म्हणाल्या, "कुलूप लावा. फक्त दारावर लिहून जा, ज्याला रडायचं असेल त्यानं कुठं जायचं ते." पंचांनी आणलेलं कुलूप परत पिशवीत टाकलं. किल्ली बाईंकडेच राहिली.

आणि आज? अहो, आज बसायला जागा नसते! नर्सिंगच्या मुली येतात, बंदरावर कामाला आलेली तमिळ कुटुंबं येतात, बदलीवर आलेले बँकवाले येतात. यंदाच्या ईस्टरला मी गेले, तर मला व्हरांड्यात उभं राहावं लागलं. इतक्या आनंदानं मी कधीच कुठं ताटकळले नव्हते!

नर्सिंगच्या मुलींना त्यांच्या भाषेतलं गाणं म्हणायचं होतं, म्हणून बाई सध्या मल्याळम गीत शिकताहेत. उच्चार चुकला की मुली खिदळतात, आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तमिळ कुटुंबांनीही आपला हक्क सांगून ठेवला आहे. बाई, परमेश्वर आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य देवो. आधी मल्याळम होऊ दे, मग तमिळ, आणि मग आणखी कुठल्या मुलुखाची माणसं दारात येतील, त्या साऱ्यांच्या भाषा शिकायला पुरेल एवढं आयुष्य!