गावातलं एक मत

ताडकळसच्या पुढं आडरस्त्याला एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. शिकवण्याखेरीज गावची मतदारयादीही माझ्याच गळ्यात. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, कुणाला अठरा पूर्ण झाली, हे घरोघर फिरून लिहायचं. खरं सांगायचं तर या कामाचा मला कंटाळा होता.

गेल्या विधानसभेला पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांना घरूनच मत द्यायची सोय झाली. त्यासाठी आधी फॉर्म भरून द्यावा लागे. माझ्या यादीत अशी दोनच नावं निघाली. एक वेशीजवळ राहणाऱ्या आजी, आणि दुसरे ज्यांना सगळं गाव टेलर म्हणतं ते आजोबा.

आजींचा अंगठा घेताना मी सहज विचारलं, आजवर किती वेळा मत दिलं? त्या हसल्या. म्हणाल्या, मोजलं नाही, पण एकही निवडणूक चुकवली नाही. मग बोलत बसल्या. त्यांचे मालक म्हणजे गावातली मोठी असामी. उमेदवार यायचा तो मारुतीच्या पारावर बसायचा, मालक त्याला जबान द्यायचे, आणि सगळं गाव त्या एका चिन्हावर शिक्का मारायचं. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा मालकांनी चुलीतल्या कोळशानं भिंतीवर चिन्ह काढून दाखवलं होतं. पुढं चिन्हं बदलली, कागद जाऊन मशीन आलं, तरी भिंतीवरची शिकवणी काही थांबली नाही. मला हसू आलं नाही. माझ्या घरीही मतदानाच्या आदल्या दिवशी सासरे काय म्हणतात याकडेच सगळ्यांचे कान असतात.

मग सीमा बदलल्या. आमचं गाव एका मतदारसंघातून उचलून दुसऱ्यात टाकलं. हा नवा मतदारसंघ एवढा लांबरुंद, की दुसऱ्या टोकाच्या राणीसावरगावकडच्या माणसाला आमच्या गावाचं नावही माहीत नसे. त्या निवडणुकीत एक बाई अपक्ष उभी राहिली होती. एसटीनं आली, खांद्याला पिशवी, सोबत कुणी नाही. पारावर थोडं बोलली. माणसं गालात हसली. एकटे टेलर तेवढे म्हणाले, बाई बोलते चांगली.

नंतर ती बाई घरोघर फिरली. आजींच्या दारात येऊन पाणी मागितलं आणि सरळ आत चुलीपाशी येऊन बसली. आजींना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे?

आजी मला म्हणाल्या, "बाई, मला आजवर कुणी इचारलंच नव्हतं. मी म्हनलं, दवाखान्यात बाई डॉक्टर पाहिजे. मला अंगावरचं दुखणं हुतं, लय वर्सांचं. बाप्याला कसं दाखवावं?"

त्या बाईनं ते वहीत लिहून घेतलं. आजींनी तिला मत दिलं. मालकांना सांगितलं नाही.

ती बाई पडली, डिपॉझिटही गेलं. पण मशीन आल्यापासून कुठल्या केंद्रावर कुणाला किती, हे उघड कळतं. आमच्या गावात तिला एक मत पडलेलं निघालं. एकच. मालकांनी नेत्याला छातीठोक सांगितलं होतं, गावातलं एक मत फुटणार नाही. तालुक्याच्या बैठकीत त्यांची थट्टा झाली. पारावर त्या बाईला चांगलं म्हणाले होते ते एकटे टेलरच, म्हणून गावात आले ते तसेच त्यांच्या दुकानावर गेले. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार, एका ताटात जेवलेले. टेलरांनी लेकराची शपथ घेतली. मालकांनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून मालकांचे सदरे तालुक्याला, पूर्णेला शिवायला जाऊ लागले, आणि मालक जाईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मालकांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी आजींना सांगितलं, मत गुप्त असतं, तुम्ही कुणाला सांगायला बांधील नाही.

"गुपित माजं हुतं," आजी म्हणाल्या. "शिक्षा टेलर भावजींनी भोगली."

घरमतदानाच्या दिवशी दोन कर्मचारी, एक पोलीस आणि कॅमेरावाला, असे सगळे जीपमधून आले. पुठ्ठ्याचा आडोसा आजींच्या ओसरीवर उभा केला. मी लांब उभी राहिले. आजींनी बराच वेळ घेतला, मग लिफाफा बंद करून दिला. पुढचं घर टेलरांचं. आजी म्हणाल्या, मी बी येते. कर्मचाऱ्यांतल्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, त्या बाहेर थांबतील.

टेलरांचं मत झालं. जीप निघून गेल्यावर ते अंगणात बाजेवर बसले होते. आजी काठी टेकत त्यांच्यासमोर गेल्या.

"भावजी, ते मत माजं हुतं."

"कंचं मत?"

"त्या बाईला पडलं ते."

टेलरांनी चष्मा काढून बाजेवर ठेवला.

"वैनी, तो मला बेइमान समजून गेला."

"व्हय. मला ठावं हाय."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तवा सांगितलं असतं तर त्या घरात मला जागा ऱ्हायली नसती."

टेलर उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मी आजींचा हात धरून त्यांना घरी आणलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, बरोबर हाय त्यांचं. मला मात्र वाटत राहिलं, की मीच फॉर्म भरताना नको तो प्रश्न विचारला.

निकाल लागला. पारावर पुन्हा गावच्या आकड्यांचा खल सुरू झाला, आणि कुणीतरी त्या फुटलेल्या मतावरून टेलरांची जुनी चेष्टा केली. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ते मत माझं नव्हतं, ज्याचं होतं त्यानं मला येऊन सांगितलं. कुणाचं, म्हणून लोक मागंच लागले. टेलर म्हणाले, "मला सांगितलं, बस झालं. तुमाला कशाला पाहिजे?" आमच्या शाळेचे मुख्याध्यापक तिथं होते, त्यांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. गावाला आजही ते नाव माहीत नाही.

त्यानंतरच्या रविवारी टेलर आजींकडं गेले. मालकांच्या फोटोसमोर उभे राहिले, मग चहा घेतला. आजी सांगत होत्या, माफी कुणी मागितली नाही, उलट भांडणच झालं. टेलर म्हणाले, तुझा नवरा अडेलतट्टू होता. आजी म्हणाल्या, तुमी तरी कुठं परत बोलायला गेलात त्यांच्याकडं? तासभर असं चाललं. जाताना टेलरांनी खुंटीवर तसाच राहिलेला मालकांचा सदरा हातात घेतला, उसवलेली बाही पाहिली आणि पूर्णेच्या शिलाईला नावं ठेवत तो दुरुस्तीला घेऊन गेले.