कठड्याच्या अलीकडून विलायत

विलायतेहून परत आल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर पायांत बूट तसेच ठेवून थेट स्वयंपाकघरात गेलो.

मुद्दाम नव्हे. तिकडे मी बूट काढत होतो ते फक्त झोपताना, आणि बोट फार हलायला लागली त्या रात्री तर तेही काढले नव्हते. त्यामुळे धारवाड स्टेशनावरून टांगा घरी आला, आणि सोप्यातून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर असा मी "आत्या, आलो गं" करत चालत गेलो, तेव्हा खाली बघायचं सुचलंच नाही. चुलीपाशी आत्याबाई सोवळ्यात होत्या. शेजारी पाटावर आमचे भटजी बसले होते, दुधाचा पेला हातात धरून.

आत्याबाई म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते आणि शाळेत त्यांचा दरारा होता, असं लोक सांगत. घरात दरारा आत्याबाईंचा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बुटांकडे बघून म्हणाल्या, "विलायत सोप्यापर्यंतच ठेवायचीस रे. चुलीपाशी कशाला आणलीस?"

भटजींनी पेला खाली ठेवला. दूध अर्धं राहिलं होतं.

वास्तविक समुद्र ओलांडल्याची गोष्ट फार ताणायची नाही, असं घरात ठरलं होतं. काळ बदलत होता. गावातले वकील बॅरिस्टर होऊन येत आणि महिन्याभरात पंगतीला बसत. थोडं पंचगव्य, नवं जानवं, की संपलं. पण आता भटजींनी डोळ्यांनी बघितलं म्हटल्यावर आत्याबाईंनाही सोडून देता येईना. मठाचे स्वामी येऊन शुद्धीची मुद्रा देतील तोवर मी सोप्यात राहायचं, ताट-तांब्या वेगळा, मधलं दार ओलांडायचं नाही, असं ठरलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि "होगली बिडु," म्हणाले. जाऊ दे. हे मला म्हणाले की बहिणीला, ते कळलं नाही.

मलाही एरवी ते जाऊच देता आलं असतं. सोप्यात वारा चांगला येतो. पण मधल्या दाराच्या पलीकडे बाळंतिणीची खोली होती, आणि त्या खोलीत माझी मुलगी होती. मी बोटीवर असताना जन्मली. बायकोला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली, आणि मुळावरच्या मुलाचं तोंड नक्षत्राची शांत केल्याशिवाय बापानं बघायचं नसतं. शांत करायची बापानंच. त्यासाठी बाप शुद्ध पाहिजे. शुद्ध करणारे स्वामी चातुर्मास संपवून विजापुराकडे गेलेले. बरं, शांत करायची ती मूळ नक्षत्राच्याच दिवशी, आणि ते महिन्यातून एकदा येतं. आणि हे मूळ चुकलं तर पुढचं येईपर्यंत मी सिंधमध्ये, कालव्याच्या नव्या नोकरीवर. तिथून रजा कधी मिळणार कुणाला ठाऊक. मी परत येईन तेव्हा मुलगी दारात उभी राहून "कोण पाहिजे?" विचारील, एवढाच हिशेब मला त्या सोप्यात बसून करता येत होता.

माझ्या विलायतेबद्दल सांगायचं तर ती विद्यार्थ्यांची सहल होती. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा झाल्यावर कॉलेजानं आम्हा काही मुलांना एका प्रोफेसरसाहेबांबरोबर पाठवलं होतं: कारखाने बघा, पूल बघा, बंदरं बघा आणि या. आम्ही बघितले. प्रत्येक ठिकाणी एक लोखंडी कठडा होता आणि आम्ही त्याच्या अलीकडे. पहिल्याच कारखान्यात मी एका पितळी दांड्याला सहज बोट लावलं. काही झालं नाही, फक्त दूर कुठंतरी घंटा वाजली आणि चार माणसं धावत आली. त्या दिवसापासून साहेबांचा हुकूम झाला की कारखान्यात शिरताना सगळ्यांनी हात पाठीमागे बांधायचे. ते मी इतक्या मनापासून पाळलं की पुढं पुढं फळांच्या दुकानातही हात मागं बांधून उभा राहायचो, आणि दुकानदारीणबाई माझ्याकडे पोलिसाकडे बघावं तसं बघायच्या.

तर तिकडे कठडा, इकडे मधलं दार.

दिवसभर लोक मला बघायला येत. मी सोप्यात घोंगडीवर, ते समोर ओट्यावर. शेजारचे वकील रोज येत आणि रोज तेच विचारत, "मग, काय काय शिकलात?"

"बघितलं पुष्कळ."

"ते आम्हीही बघतो हो, चित्रांच्या पुस्तकात. अण्णा, तुम्ही खर्च करून चित्रच बघून आलात म्हणा की."

आणि ते बरोबरच होतं.

बायको आणि मी वडीलधाऱ्यांदेखत एकमेकांशी बोलत नव्हतो, तशी पद्धतच होती. पण बाळंतिणीच्या खोलीला सोप्याच्या बाजूनं उंचावर एक झरोका होता, आणि ती पोरीशी बोले ते त्यातून मला ऐकू येई. "बाळे, तुझ्या वडलांना सांग, तुझं नाक त्यांच्यावर गेलंय. आमचा इलाज चालला नाही." मी सोप्यातून खोकून कळलं असं कळवत असे. पोरीची रडण्याची तऱ्हाही मी ओळखायला लागलो होतो. भुकेचं रडणं सरळ असे. झोपेचं मात्र चढउतारांचं, आमच्या गावच्या किल्लेदार गवयांसारखं नाही पण त्या वाटेवरचं. आवाज सगळे पाठ झाले आणि तोंड ठाऊक नाही.

शेवटी माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी असा विचार केला: शांतीच्या दिवशी बाप मुलाचं तोंड पहिल्यांदा बघतो ते तुपाच्या वाटीत, म्हणजे प्रतिबिंबच. मग आरशानं काय घोडं मारलंय? दाढीचा आरसा मी छत्रीच्या मुठीला सुतळीनं बांधला, स्टुलावर चढलो आणि झरोक्यातून आत घातला. आधी आढं दिसलं. मग दोरीवरची दुपटी. मग जरा तिरपा केला, तर आरसाभर आत्याबाई. पोरीची टाळू भरायला बसल्या होत्या आणि थेट माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

"दाढी करायची असेल तर न्हाव्याला बोलावते," त्या आतून म्हणाल्या. "छत्री मोडशील."

त्याच दुपारी झरोक्यात जुनी वाकळ कोंबली गेली. आता आवाजही बंद. त्या दुपारएवढा कोंडमारा मी बोटीच्या तळघरातही सोसला नव्हता. वकील आले तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, घर निजलेलं असताना, वाकळेचा एक कोपरा हळूच आत ओढला गेला. वीतभर फट पडली. "बाळे," आवाज आला, "खोकायचंसुद्धा विसरले बघ तुझे वडील."

मी खोकलो. घसा दुखेपर्यंत खोकलो.

मूळ नक्षत्र तोंडावर आलं आणि स्वामी हुबळीला आल्याचं कळलं. कळवलं कुणी, तर आत्याबाईंनी. त्यांनीच माझं धोतर सोप्याच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. "जा लवकर. रांग मोठी असेल." स्वामींनी मला काय काय पाहिलंस विचारलं. मी पाहिलं ते सांगितलं. ते हसले आणि तापलेली मुद्रा दंडावर टेकवली. फार भाजलं नाही. आता हात तर शुद्ध झाले, असं म्हणत मी परतीच्या सर्व्हिस मोटारीत बसलो, आणि ती रायापूरजवळ बंद पडली.

मी विलायतेचा इंजिनिअर आहे हे गाडीत कुणीतरी ओळखलं. ड्रायव्हरनं बॉनेट उघडून आदरानं बाजूला जागा केली. मी गेलो, वाकलो आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. माझे हात पाठीमागं बांधलेले होते. "साहेब नुसतं बघूनच सांगतात," एक म्हातारा कौतुकानं म्हणाला. शेवटी सगळे उतरले आणि गाडी ढकलायला लागले. त्या एका कामात मी कुणाला मागं सरलो नाही.

शांतीच्या दिवशी पहाटेपासून धारवाडची थंडी काय सांगावी. होम झाला, मी पाटावर, माझ्यापुढं तुपाची काशाची वाटी. बायको पोरीला घेऊन माझ्या पाठीशी उभी राहिली, पोरीचं तोंड माझ्या खांद्यावरून वाटीत दिसावं असं. भटजी म्हणाले, "बघा."

मी बघितलं. वाटीत पांढरंशुभ्र तूप होतं, गोठून दगड झालेलं.

पोरीचा श्वास माझ्या मानेवर येत होता. दुधाचा, वेखंडाचा वास. तिनं एकदा माझ्या कानाला काहीतरी ओलं लावलं, मूठ असेल किंवा तोंड. मान एवढीशी वळवली असती की झालं असतं. भटजी मुहूर्त सरत चालला म्हणून कुरकुरायला लागले. मी वाटीकडे बघत होतो आणि वाटी माझ्याकडे.

"मान वळवू नकोस रे मेल्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि सोवळं सावरत, वाटी उचलून चुलीकडे पळाल्या. त्यांना पळताना मी तेव्हाच पाहिलं. परत आल्या तेव्हा बोटं फुंकत होत्या. "बघ आता. लवकर बघ, परत गोठेल."

पिवळ्या तुपात एक तोंड हललं. कपाळ आधी, मग दोन डोळे, आणि मग माझंच नाक. आत्याबाईंनी वाटी घाईनं टेकवल्यानं तूप हिंदकळत होतं, त्यामुळे पोरगी हसल्यासारखी दिसली. नंतर कळलं की ती जांभई देत होती.

भटजी म्हणाले, झालं, आता वळा.

मी उठलो, वळलो. पोरगी समोर. आत्याबाई, अप्पा, भटजी, सगळे बघत होते. मीही बघत होतो, मन लावून, वेळ घेऊन. हात कुठं आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

तेव्हा आमची बायको पहिल्यांदाच सगळ्यांदेखत, पोरीला मधे न घालता माझ्याशी बोलली.

"अहो, हात मागं काय बांधलेत? घ्या की. ती काय इंजिन आहे?" आणि मी हात पुढं केल्यावर, "मान धरा. मान धरा तेवढी."