शेजारच्या वर्गातले आवाज नसलेले व्हिडिओ

कारापूरजवळच्या एका वाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे. तिथे मी पहिली-दुसरी शिकवते. त्याआधी मराठी शाळा वाचवा म्हणत, पत्रकं वाटत डिचोली ते पेडणे हिंडले होते. तिसरी-चौथी शिकवायला तुयेहून स्कूटरने एक टीचर यायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, मला 'बाये' म्हणायची. दोन वर्गांच्या मध्ये फक्त फळ्यांची आडभिंत. तिने प्रोजेक्टर लावला की पलीकडून पोरांचं हसणं ऐकू यायचं आणि माझी पोरं पाढे सोडून फटीला डोळे लावायची.

तेवढं मी सहन केलं. त्या मुलीचं नाही केलं.

मुलगी दोडामार्गकडच्या, खनिजाचा टिपर ट्रक चालवणाऱ्या एका ड्रायव्हरची. दोन वर्षं माझ्याकडे होती, पण वर्गात एक अक्षर बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, गाणी म्हटली, चित्रं काढली. 'माझी शाळा सुंदर आहे, म्हण बघू,' असं रोज विनवलं. तिला बोलतं करायचंच, हा माझा हट्ट होता. ती तिसरीत गेली आणि चतुर्थीच्या आधी डबा खाता खाता टीचर सहज म्हणाली, "बाये, तुझी ती मुलगी किती बोलते गं!"

"कोण, ती?"

"व्हिडिओ लावला की थांबायचं नाव नाही."

मी डब्याचं झाकण लावलं. माझी दोन वर्षं एका पारड्यात, आणि हिचा एक पडदा दुसऱ्यात? शिकवायचा कंटाळा म्हणून सिनेमे लावते आणि श्रेय घेते! असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. शेजारच्या वर्गात जाऊन पाच मिनिटं बसावं, हे मला सुचलं नाही. मला सुचलं पत्रक. तेच एक येत होतं.

'शाळा की थिएटर? पालकहो, जागे व्हा!' असा मथळा, खाली चार मागण्या, शेवटी सही 'समस्त जागृत पालक'. माझं लग्नही झालेलं नाही. डिचोलीत झेरॉक्स काढल्या आणि पोरांच्या दप्तरांतून घरोघर पाठवल्या.

पत्रक लागू पडलं. पालक-शिक्षक संघाच्या सभेत व्हिडिओ बंद करायचं ठरलं. टीचरने एवढंच विचारलं, "कोणी एकदा तरी येऊन पाहिलंत का?" कोणीच पाहिलं नव्हतं. मी सभेचा वृत्तांत लिहीत होते, मान वर केली नाही. आत गुदगुल्या होत होत्या.

पंधराएक दिवसांनी मुलीचा बाप फाटकाशी उभा, मला म्हणाला, "टीचर, माज्या चेडवाक तोंड फुटला होता. घराक इला की बडबडच चालू. आता परत गप."

"पालकांचीच मागणी होती ना," मी म्हटलं.

"खंयच्या पालकांची? मी टिपर घेवन खेपेर होतंय. माका कोणी इचारूक नाय." मग जरा अजिजीने म्हणाला, "तुमका लिवक येता. दुसरो कागद काढा."

मी 'बघते' म्हटलं आणि आत पळाले. लाज वाटलीच. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं ते वेगळ्याच कारणाने. आता ती मुलगी टीचरकडेही गप्प होती, आणि मला क्षणभर बरं वाटलं होतं.

त्याच दिवशी टीचरला सांगितलं, पत्रक माझं.

"पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "इतकी उद्गारचिन्हं या वाड्यावर दुसरं कोण घालणार?"

"मग सभेत का नाही बोललात?"

"म्हटलं, बघूया, स्वतःचं नाव कधी घालते."

दुसऱ्या कागदावर घातलं. पुन्हा सभा झाली, चार बोलणी खाल्ली, व्हिडिओ सुरू झाले आणि मी एकदाची तिच्या वर्गात मागे जाऊन बसले.

सिनेमा वगैरे काही नव्हता. तुयेहून येताना स्कूटर बाजूला लावून तिने फोनवर काढलेला रस्ता. पाव विकणारा पोदेर, बस, खनिजाच्या टिपरांची रांग. आणि आवाज पूर्ण बंद. "आवाज तुम्ही द्यायचा," ती पोरांना म्हणाली. कोणी पोदेराचा भोंगा झाला, कोणी कंडक्टर. आडभिंतीपलीकडून ऐकू यायचं ते हसणं ह्याचंच.

टिपर आले तशी ती मुलगी उठली. "ह्यो भरलेलो हा. मागचो टायर बसलेलो बगा. माज्या बाबान गाडी थांबवल्यान असती!" आणि सुरूच. टायर, घाट, बाबाचा डबा. माझ्याकडे दोन वर्षं तिला माझीच वाक्यं म्हणायची होती.

बोलून झाल्यावर तिने टीचरकडे पाहिलं. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, तरी मागे वळली नाही.

मधल्या सुट्टीत मी टीचरला विचारलं, "तो व्हिडिओ मला पाठवाल? माझ्या वर्गाला?"

"पाठवते की. पण बाये, तुझ्या पोरांच्या दारातला व्हिडिओ तू काढ. पोरं स्वतःचं काही दिसलं की बोलतात."

बरोबरच बोलली. म्हणून तर अंगाची आग झाली.