भिंतीलगतचा चौकोन

नव्वदच्या दशकात मी ठाण्याला, वर्तकनगरमधल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत होते. टाक्यांमधून, पाइपांमधून द्रव कसा वाहील, याची गणितं आम्ही कॉम्प्युटरवर करायचो. साहेबांना त्यातलं फक्त रंगीत चित्र कळायचं. लाल-पिवळं-निळं उमटलं की ते खूश.

एकदा डोंबिवलीच्या केमिकल कारखान्याचं काम आलं, आणि तो नेमका बाबांचाच कारखाना निघाला. बाबा तिथे रिअ‍ॅक्टरवर, म्हणजे रसायनं शिजतात त्या मोठ्या टाकीवर, ऑपरेटर होते. मालकाला त्याच रिअ‍ॅक्टरमध्ये जास्त माल काढायचा होता. रसायनांमुळे आत तयार होणारी उष्णता भिंतीतून बाहेरच्या थंड पाण्यात पुरेशी जाईल का, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

दूध वरवर कितीही ढवळा, तळाला लागायचं ते लागतंच. रिअ‍ॅक्टरच्या भिंतीलाही द्रवाचा असा एक थर धरून असतो, जवळजवळ न हलणारा, आणि उष्णता अडते ती तिथेच. गणितासाठी आम्ही टाकीचे चौकोन पाडले होते. भिंतीलगतचा पहिला चौकोन इतका जाड, की तो अख्खा थर त्याच्या पोटात गडप. तिथे प्रोग्राम काही मोजतच नव्हता, ठरावीक सूत्र लावून अंदाज ठोकत होता. ते सूत्र जोरात वाहणाऱ्या द्रवाचं, आणि कारखान्याचा माल काकवीसारखा दाट.

"सर, भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेचा आकडा फुगलाय," मी म्हटलं. "चौकोन बारीक करून परत चालवायला हवं. आठवडा लागेल."

"रिपोर्ट सोमवारी द्यायचाय. चित्र मस्त आलंय, उगाच खुसपट काढू नकोस."

उष्णता पुरेशी जाईल, असा रिपोर्ट गेला. घरी मी बाबांना म्हटलं, "त्या रिअ‍ॅक्टरवरची ड्युटी बदलून घ्या."

बाबा हसले. "रिटायरमेंट तोंडावर आलीय. आता काय सांगू, मुलगी नको म्हणते?"

कारखान्याने माल वाढवला. काही महिने काहीच झालं नाही. साहेब येताजाता विचारायचे, "काय मॅडम, भिंत काय म्हणते?" मी दातओठ खाऊन कामाला लागायचे.

मग एका दुपारी माल तापतच गेला आणि झाकणाच्या फटीतून उसळला. बाबांचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले.

साहेब शहाळी घेऊन हॉस्पिटलात आले. बाहेर पॅसेजमध्ये मला म्हणाले, "आता चालव ते बारीक चौकोनांचं. आकडा रिपोर्टशी जुळला तर आपण सुटलो." आता त्यांच्याकडे आठवडा होता. त्या माणसाची मला आजही चीड येते.

आकडा निम्म्यावर आला. हे कुणाला दाखवू नकोस, असं ते म्हणाले. मी त्या आकड्याचा कागद फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवून आले. नोकरी गेली, त्याचं काही वाटलं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. बँडेजमधून त्यांचा आवाज नीट येत नव्हता.

"म्हणजे तुझं बरोबर होतं."

"हो."

"तुझ्या साहेबाने ऐकलं नाही," ते म्हणाले, "आणि मीपण."

मला त्यांचा हात धरायचा होता. धरण्याजोगी जागाच नव्हती.