पोत्यावरचा रिसीव्हर

तरुणपणी मी भलतीच हुशार होते. एवढी, की आज कुठे भेटले तर मीच माझ्या कानाखाली एक ठेवून देईन. बेंगळुरूच्या एका कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर करायचे. आमची टोळी सोवळी: प्रोग्रॅमचा प्रत्येक टप्पा आधी गणितात मांडायचा, तो चुकूच शकत नाही हे सिद्ध करायचं, मगच कोड. कुठलीही लाईन कायमची अडकून राहणार नाही, हे मी सिद्ध केलं. दोन्हीकडून काही वेळ आवाज नसला की लाईन तोडायची, असा नियम. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. नाक इतकं वर, की पंख्याला लागावं.

ते सॉफ्टवेअर पुढं आमच्याच गावाकडच्या एक्स्चेंजात बसलं. मी नोकरीला गेले म्हणून अप्पांनी बोलणं टाकलेलं. त्यांना धाप लागायलीय असं कळलं, तेव्हा मीच गावी, जनवाड्याला फोन लावला. घरी फोन नव्हता, किराणा दुकानात होता. दुकानदार अण्णा ओरडला, "थांब गं अक्का, अप्पाला घेऊन येतो!" आणि रिसीव्हर साखरेच्या पोत्यावर आडवा टाकून गेला. आमच्याकडं सगळे असंच करत. फोन ठेवून देणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

पोतं काही बोलत नाही. मीही गप्प. लाईन तुटली. पुन्हा लावते तर एंगेज. रिसीव्हर पोत्यावरच ना!

बऱ्याच वेळानं एकदाची रिंग गेली, अण्णानं उचलला. "आले होते की. काठी टेकत. कानाला लावला, म्हणाले, साहेबीण झाली, बापासाठी थांबायला येळ न्हाई. गेले."

परत ते आले नाहीत.

मी नियम बदला म्हणून साहेबांकडं गेले. ते म्हणाले, "सिद्ध झालेल्याला हात लावायचा नसतो. हे तुमचंच वाक्य, मॅडम."

गावी पोचले ती अप्पा गेल्यावर. आईनं विचारलं, "कामून ठेवलीस गं फोन?"

मी तिला सगळं समजावलं. नियम, सिद्धता, कुठं काहीच चुकलं नव्हतं ते. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"व्हय," ती म्हणाली, "म्हंजे तूच ठेवलीस की."