व्हाइटनरखालचे नाव

काल व्हाइटनरची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी सिंगापूरमधल्या, हौगांगच्या आमच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली.

मालिनी दहाव्या वर्षी फॉस्टर मुलगी म्हणून, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, आमच्याकडे आली; माझा मुलगा तिचा दादा झाला. सतराव्या वर्षी तिला पॉलिटेक्निकमध्ये नर्सिंगला प्रवेश मिळाला. फॉस्टर मुलांसाठी असलेल्या शिक्षणमदतीचा अर्ज मी भरत होते. ‘आईचे नाव’ या रकान्यात मी सवयीने, वळणदार अक्षरांत, माझेच नाव लिहिले.

“आँटी, हे खोड,” मालिनी म्हणाली. “तू आई असलीस तर मदत मिळणार नाही.”

“मग फी मी भरीन.”

“नको. दादाची फी आहेच ना? ही माझ्या हक्काची मदत आहे, लाह,” ती सिंगापुरी लकबीत म्हणाली. “मी नर्स होणारच.”

चूक दिसली की सुधारायची, हे मी शिक्षिका म्हणून तिला शिकवले होते. मी नावावर व्हाइटनर लावले. तेव्हा ते फार लागले. आज त्या खोडण्याचा अभिमान वाटतो. मालिनीने फुंकर घालून तो पांढरा थर वाळवला, ‘फॉस्टर पालक’ या शब्दांवर बोट ठेवले आणि पेन माझ्या हाती दिले.

“इथे सही कर, आई,” ती पहिल्यांदाच म्हणाली.