वाटी रिकामी कशी पाठवू

शेजारच्या घरची भांडी माझ्या ओट्यावर साठायला लागली, तेव्हा मला माझ्या जेवणाची खरी अवस्था कळली. पण आधी डब्याचं सांगायला हवं, कारण सुरुवात तिथून आहे.

मी इंदूरला एका फ्लॅटमध्ये एकटी राहते. माझी नोकरी पलासियाच्या एका विमा ऑफिसात झाली, आणि ह्यांची पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात. ह्यांचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. झाकणावर नाव कोरून घेतलेलं, कारण कारखान्यात सगळ्यांचे डबे एकसारखे. रोज सकाळी तो डबा भरायचा म्हणून मी अंधारात उठून भाजी चिरायची, आणि चिरताना कुरकुरायची. हे गेल्यावर आमची मुलगी तो डबा पुण्याला घेऊन गेली. वडिलांची आठवण म्हणून नेला असणार, मी काही विचारलं नाही. डबा गेला आणि त्याच्यामागे माझा स्वयंपाकही गेला. एकटीसाठी कोण कढई तापवत बसणार?

मधुमेह मला नवा नव्हता. निवृत्त व्हायच्या आधीपासून तो सोबतीला आहे. पण हे असताना ह्यांच्या डब्यात जे जायचं तेच माझ्या पोटात जायचं, त्यामुळे निभावून गेलं. एकटी पडल्यावर मात्र माझी मनमानी सुरू झाली. सकाळी कोपऱ्यावरचे पोहे, वर जीरावन मसाला आणि मूठभर सेव. दुपारी चहा-टोस्ट. रात्री सेव-परमल. परमल म्हणजे आमच्याकडचे कुरमुरे, त्यात कांदा, लिंबू आणि सेव. इंदूरच्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही, आणि मी तर इथेच जन्मलेली. मुलगी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून विचारायची, काय जेवलीस? वरण, भात, भाजी, असं सांगून मी फोन पंख्याकडे फिरवायची. तिला माझ्या घरातला पंखा तोंडपाठ झाला असेल.

मग तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रिपोर्ट आला आणि पितळ उघडं पडलं. पलासियाचे डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढे. त्यांनी कागद बघून मान हलवली आणि म्हणाले, आंटीजी, अकेले रहते हो तो खाना सिंपल रखो. आता सेव-परमलपेक्षा सिंपल काय असतं, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. रिपोर्ट मुलीच्याही फोनवर गेला होता. ती चिडली असती तर मीही चिडले असते आणि विषय मिटला असता. ती चिडली नाही.

"आई, पुढचा रिपोर्ट असाच आला तर तू पुण्याला यायचंस," ती म्हणाली. "मला इथे बसून रोज घाबरता येत नाही गं."

तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या घरी माझ्यासाठी खोली आहे, जावई भला माणूस आहे. पण मला जायचं नव्हतं. इथे भाजीवाला मला मौसीजी म्हणून हाक मारतो आणि न मागता कोथिंबीर टाकतो. दुपारी रस्त्याच्या कुठल्या बाजूने सावली असते हे मला ठाऊक आहे. ह्या घरात ह्यांची खुर्ची आहे. पुण्यात मी चांगली राहिले असते, पण कुणाची तरी आई म्हणून राहिले असते, आणि इथे मी मीच असते. मला खरोखर भीती वाटली. तिला म्हटलं, ठीक आहे, शब्द दिला. फोन ठेवला आणि रागारागाने घर साफ करायला काढलं. साखर, गूळ, सेवेची बरणी, सगळं कामाच्या बाईंना देऊन टाकलं. साखर एकदम उतरली तर लागेल म्हणून ग्लुकोजचं पाकीट तेवढं औषधांजवळ ठेवलं, बाकी घरात गोडाचा कण म्हणून राहू दिला नाही. मोठा पराक्रम केला असं तेव्हा वाटलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक माळवी कुटुंब राहतं, नवरा-बायको दोघंच. ती माझ्याहून बरीच लहान. मी तिला भाभी म्हणते, ती मला दीदी. हाताने सढळ बाई. रविवारी तिच्याकडून दाल-बाफले यायचे, म्हणजे वरण आणि तुपात बुडालेले कणकेचे भाजके गोळे, मधूनच कढी, सणासुदीला मुगाचा हलवा. आता आमच्यात शेजारची वाटी रिकामी परत जात नाही. माहेरी हेच, सासरी हेच. घरात काही केलेलं नसलं तर चमचाभर साखर घालायची आणि वाटी द्यायची, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मीही एकटी झाल्यापासून तेच करत होते. पराक्रमानंतरच्या रविवारी मी तिची वाटी घासली, पुसली, साखरेच्या रिकाम्या डब्याकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. ग्लुकोज घालून काही कुणी वाटी परत करत नाही.

म्हटलं, उद्या काहीतरी घालून देऊ. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून आणखी एक वाटी आली. मग एक ताटली आली, मग झाकणाची पातेली. मी सगळं घासून ओट्यावर ओळीने पालथं घालत गेले. भांडी वाढली तशी मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाढली तशी मी तिला टाळायला लागले. तिच्या दाराची कडी वाजली की मी आपल्या दाराआड चपला घालून थांबायची, ती लिफ्टने खाली गेली की मग बाहेर पडायची. साठी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही हे कळत होतं, पण रिकामी वाटी हातात धरून तिच्या दारात उभं राहणं काही केल्या जमेना.

शेवटी तीच आली.

"दीदी, बर्तन की कोई बात नहीं है," ती दारातच म्हणाली. "पर आप हमसे नाराज़ हो क्या?"

मी तिला हाताला धरून आत नेलं, ओटा दाखवला आणि सगळं सांगितलं. रिपोर्ट, मुलीला दिलेला शब्द, घरातून काढलेली साखर. ती ऐकता ऐकता हसायला लागली आणि हसत हसत ह्यांच्या खुर्चीत बसली. डोळे पुसत म्हणाली, "तो शक्कर ही क्यों, दीदी? आप जो खाती हो, वही ज़रा सा डाल दो न."

मी काय खात होते? सेव देऊन टाकल्यापासून नुसते परमल, वरून तिखट-मीठ, तेही ओट्यापाशी उभ्यानेच. तिची वाटी माझ्या हातात होती. त्या वाटीत परमल घालून मी ते तिच्यासमोर धरते आहे असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझे कान तापले. जे शेजारणीला द्यायची लाज वाटावी ते मी रोज स्वतःला वाढत होते. मला रडू आलं नाही, राग आला, आणि या खेपेला तो दुसऱ्या कुणावर काढता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळी गिलकी आणली. मुलगी पुण्याला गेल्यापासून तिला घोसाळी म्हणते, पण आमच्या इंदुरात ती गिलकीच. भिजवलेली मूगडाळ घालून, हिंगाची फोडणी देऊन भाजी केली. दुसऱ्याच्या घरी पाठवायची म्हणजे मीठ बघायला हवं, म्हणून चमचाभर चाखली. आणि मला भूक लागली. सवयीने खायची वेळ झाली म्हणून खाणं वेगळं. ही खरीखुरी भूक होती, ती कशी असते हे मी विसरले होते. ज्वारीची एक भाकरी थापली, ताट घेतलं, बसून जेवले. मग वाटी भरून समोर नेऊन दिली.

माझा हिशेब असा, की एकेक करून तिची भांडी भरून परत केली की मी मोकळी. पण तीही वाटी रिकामी न पाठवणाऱ्यांतली. माझ्या भाजीची वाटी तिने भरून पाठवली, मग ती मला भरून पाठवावी लागली. दोघींपैकी कुणालाच थांबता येईना. गोड आणि तूप नको एवढी अट मात्र मी घातली. त्यानंतर दाल-बाफल्यातली नुसती दाल यायची, बाफला इनको खिला दिया, असा निरोप मिळायचा. तिच्या नवऱ्याला माझी पीठ पेरलेली मेथी आवडायला लागली. मटकीच्या उसळीवर तो सेव घालून खातो असंही कळलं, पण ते त्याचं त्याने बघावं. मला नुसतं कुणी वाखाणलं तरी पुरतं, इथे तर वाटी चाटूनपुसून परत येत होती. अंधारात उठून भाजी चिरायची जुनी सवय परत लागली. कुरकुर तेवढी आता करावीशी वाटत नव्हती.

मग भाभी आपल्या मुलीच्या बाळंतपणासाठी रतलामला गेली, थेट सेवेच्या माहेरी. नवऱ्यालाही बरोबर घेऊन गेली, कारण त्याला चहासुद्धा करता येत नाही. समोरच्या दाराला कुलूप लागलं. पहिल्या दिवशी मी कालचंच गरम करून खाल्लं. दुसऱ्या दिवशी टोस्ट. तिसऱ्या दिवशी भानावर आले तेव्हा मी नमकीनच्या दुकानात उभी होते आणि दुकानदार लौंगवाली सेव तोलत होता. पुडा घेऊन घरी आले. ओट्यावर भाभीची एक वाटी राहिलेली होती, ती भरून द्यायची पाळी माझीच होती. मी पुडा तिच्या शेजारी ठेवला, आणि घरात कुणी नसताना मोठ्याने विचारलं, घालू का ही हिच्यात? पुडा परत कामाच्या बाईंकडे गेला. बाई नुसत्या हसल्या.

त्या दिवसापासून भाजी झाली की मी आधी भाभीची वाटी भरायची, नीट, कडा पुसून, आणि झाकून ठेवायची. संध्याकाळी झाकण काढून तीच वाटी पानात घ्यायची, समोरून आल्यासारखी. कुणी बघितलं असतं तर बाईचं डोकं फिरलं म्हणालं असतं. मला ते जेवण फार गोड लागायचं.

रिपोर्टच्या दिवशी मी वेळेआधीच दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. साखर उतरली होती, अगदी हवी तितकी नाही, पण चांगलीच. आंटीजी, क्या किया, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बर्तन लौटाए. त्यांना काही कळलं नाही. गोळ्या त्याच ठेवल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळी मुलीचा कॉल आला. मी फोन ताटाकडे फिरवला. दुधीची भाजी, भाकरी, काकडी. रिपोर्ट तिने बघितलेला होता. तिने ताट नीट न्याहाळलं.

"राहा मग इंदूरलाच," ती म्हणाली. मी भाकरीचा तुकडा मोडला. मग ती म्हणाली, "आई, बाबांचा डबा माझ्याकडे आहे गं. दर वेळी येताना परत आणायचा म्हणून बाहेर काढते. पण रिकामा कसा आणू? मला धड काही करता येत नाही, आणि तुला साखर घालून देता येत नाही."

तो तिने आठवण म्हणून ठेवून घेतला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती मात्र माझीच मुलगी निघाली.

"पुढच्या महिन्यात येते," ती म्हणाली. "भरून आणते. प्रवासात टिकेल असं काय करू?"

जवसाची चटणी कर, मी म्हटलं. जवस मंद आचेवर भाज, तडतडले की लगेच उतरव, लसूण आणि तिखट घालून जाडसर वाट.

"आणि मीठ किती?"

"चाखून बघ," मी म्हटलं. "डब्यात भरायच्या आधी चाखून बघ."